बावड्याचे कागद बारामतीत

दूध नासलं तर ओतून देता येतं. किस्से मात्र साचतच जातात, आणि आमच्या ऑफिसात तर नुसता पूर आलाय!

आमची दूध संस्था तशी छोटी. बारामती एमआयडीसीत हेड ऑफिस, बावड्याला संकलन केंद्र आणि दोन्हीकडच्या कॉम्प्युटरची जबाबदारी एकट्या माझ्यावर. आयटी डिपार्टमेंट म्हणा, नाहीतर "ओ म्याडम, हे बघा की जरा" म्हणा. व्हायरसनं एकदा सगळं खाऊन टाकल्यावर मीच मॅनेजर साहेबांच्या डोक्यात भरवलं की विंडोज काढून लिनक्स टाकू या. फुकट आहे म्हटल्यावर साहेब लगेच तयार. प्रिंटरचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. कशाला आपणहून?

*

पहिला प्रिंटर जोडायचा होता बावड्याला. तिथले हेडक्लार्क शंकरतात्या, मिशीवाले, आवाज असा की माइकची गरज नाही.

मी आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा प्रिंटर लिनक्सला चालत नाही." मी म्हटलं, काहीतरी ड्रायव्हर असेल की हो! तर म्हणे, "नाहीच. दुसरा घ्या."

तो असं म्हणत असताना मी सहज यूएसबीची वायर खोचली. मशीननं प्रिंटर आपोआप ओळखला आणि धाडकन टेस्ट पेज बाहेर!

तात्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "म्याडम, फोन ठेवा पटकन. चालत न्हाय हे त्या प्रिंटरला अजून म्हाईत न्हाय. त्यानं ऐकलं तर बसंल!"

*

मग मराठी फाँटचं झालं. दूध घालणाऱ्यांच्या पावत्यांवर लिटरचे, फॅटचे आकडे नीट यायचे आणि नावाच्या जागी नुसते चौकोन. एकदा फाँट टाकला की मिटणारं काम, पण तो डाउनलोड व्हायला बावड्याचं नेट तयार पाहिजे ना!

तोवर एक शेतकरी पावती घेऊन खिडकीशी आले. म्हटलं, आता बोलणी बसणार. आधीच माफी मागून टाकली, "दादा, तुमचं नाव नाही उमटलं, सॉरी हं."

त्यांनी पावती उन्हात धरून वाचली. "नावाचं काय घिऊन बसलाय, म्याडम? फॅट बरोबर आलीया न्हवं? मग मीच हाय तो!"

*

साहेबांची गोष्ट वेगळी. नेटवर्कवरून प्रिंटर जोडायचा म्हटलं की मशीन ॲडमिनचा पासवर्ड मागतं, आणि तो पासवर्ड फक्त साहेबांकडेच राहणार, असा त्यांचा हुकूम. एकदा मला अर्जंट गरज पडली आणि साहेब मेव्हण्याच्या लग्नात. फोन लावला तर मागं बँड वाजतोय.

"ऐकू येत नाही, साहेब!"

साहेबांनी ओरडून सांगितला. परत सांगितला. तेवढ्यात बँड थांबला आणि तिसऱ्यांदा सांगितला तो भर मांडवात!

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "पासवर्ड बदला. नवरीच्या मामांनी मला त्याच नावानं हाक मारली."

*

खंडेनवमीला आमच्याकडे वजनकाट्यापासून टँकरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. बावड्यात प्रिंटर नवा, म्हणून पहिला मान त्याचा. तात्यांनी हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि मनोभावे अक्षता टाकल्या.

दसरा झाला आणि प्रिंटर अडकून बसला. मी बारामतीतून ड्रायव्हर काढला, परत टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. ढिम्म! शेवटी टँकरमध्ये बसून बावडा गाठला, झाकण उघडलं, तर कागद ओढायच्या फटीत तांदूळ.

"तात्या, अहो तांदूळ आहेत आत!"

"मग? सणासुदीचं त्याला उपाशी ठेवायचं व्हय?"

*

आता आमच्या हेड ऑफिसचे अकाउंटंट, गुलाबआबा. हे शंकरतात्यांचे सख्खे साडू, आणि दोघांचं बोलणं बंद! तात्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि नेमका आबांना बांधायचा राहिला. भर मांडवात आबा बोडक्या डोक्यानं उभे. तेव्हापासून ऑफिसचं कामसुद्धा माझ्यामार्फत. "त्यास्नी सांगा", "त्यास्नी इचारा". दोघांच्या बायका बिचाऱ्या चतुर्थीला मोरगावला दर्शनाच्या नावाखाली चोरून भेटायच्या. सख्ख्या बहिणी हो! मला फार वाईट वाटायचं.

एका अपडेटनंतर तात्यांच्या मशीननं आपणहून हेड ऑफिसचा प्रिंटर धरला. तात्या बावड्यात बटण दाबणार आणि कागद निघणार बारामतीत, आबांच्या टेबलाशेजारी. मला कुणी सांगितलंच नाही!

आबांनी पहिल्या कागदावर पेनानं लिहिलं, "हे हिकडं आलंय. बघून छापत जा." आणि टँकरवाल्याबरोबर परत धाडलं. दुसऱ्या दिवशी बावड्याहून छापून आलं, "बघूनच छापतो." आबांनी टँकरनं कळवलं, "मग चष्मा बदला." असं करत करत गाडी पार पावसापाण्यावर, गुडघेदुखीवर आली.

मला यातलं काहीच माहीत नाही. एक दिवस सेटिंग चुकलेलं दिसलं, मी जागेवरूनच दुरुस्त केलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी आबा समोर. "म्याडम, प्रिंटर बिघडलाय."

"उलट कालच नीट केला, आबा! तात्यांचे कागद आता नाही येणार तुमच्याकडे."

आबांचा चेहरा एवढासा झाला. खुर्ची ओढून बसले. "परवा त्यानं छापलं हुतं. थोरलीला ल्योक झालाय, बारशाला येताय का म्हणून. मला जबाब द्यायचाय. ह्यो टँकर बी गेला आज."

"अहो मग फोन लावा की!"

"फोन? म्याडम, आमचं बोलणं बंद हाय!"

मी तात्यांच्या मशीनचं सेटिंग परत होतं तसं बिघडवलं आणि आबांच्या मशीनला बावड्याचा प्रिंटर जोडून दिला. आबांनी एका बोटानं टाइप केलं, "येतो. पण फेटा पायजे." आणि प्रिंटचं बटण मलाच दाबायला लावलं.

मग आबा प्रिंटरसमोर जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. हातानं डोक्यावरचे विरळ केस सारखे करत होते. त्यांच्यासाठी मागवलेला चहा गार झाला.

प्रिंटरचा दिवा लुकलुकला. घरघर झाली आणि कागद हळूहळू बाहेर आला. सगळ्या पानभर, मावतील तेवढ्या मोठ्या अक्षरांत एवढंच:

"रंग कंचा?"