कवडूजींचा मक्या मुंगूस नाही

मार्च लागला की आमच्या नंदनवनच्या गल्लीत कवडूजी हेडाऊंचा भाव कलेक्टरपेक्षा वर जातो. माणूस कुलरवाला. बापजाद्यांचा धंदा विणकामाचा. घरातला माग बंद पडला तसा कवडूजींनी पाना-पेचकस हातात घेतला. तेव्हापासून अर्ध्या पूर्व नागपुरातल्या वाळ्याच्या ताट्या, पंप आणि मोटरी त्यांच्याच हातच्या.

त्यामुळे त्यांना एक खोड लागली. जगातल्या प्रत्येक दुखण्याचं त्यांच्याकडे एकच कारण, गरमी. बायकोचे, म्हणजे अनुसयाकाकूंचे, गुडघे दुखले, गरमी. जावयानं नोकरी सोडली, गरमी. मी नळाच्या पाण्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसात टेबल वाजवून आले तर म्हणाले, "प्रीती, तुया डोक्यातबी गरमीच हाय वं पोरी." मी म्हटलं, "काका, डोकं थंड ठेवलं असतं तर तुमच्या कुलरात टाकायले पाणी आलं असतं का?"

अशा घरात मक्या आला. धाकटी मुलगी उन्नती पुण्याला नोकरी करते. तिनं तिथं फेरेट पाळला होता. हातभर लांब, पायानं बुटका, पाणमांजराच्या कुळातला प्राणी. तोंडावर काळा पट्टा असा, की चोरानं फडकं बांधलंय. घरमालकिणीनं हाकललं तेव्हा उन्नती टोपलीतून त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, थोडे दिवस ठेवा. मांसच द्या. दूध नाही, गोड नाही, उन्हात तर अजिबात नाही." थोडे दिवस काही संपले नाहीत. तिनं ठेवलेलं नाव मॅक्स. काकूंनी दुसऱ्याच दिवशी मक्या केलं.

पहिल्या सकाळी समोरच्या कांताबाईंनी त्याला खिडकीत पाहिलं आणि तिथंच हात जोडले. "मुंगूस! बाप्पा, सकाळी सकाळी मुंगसाचं दर्शन!"

"अवो वयनी, हे मुंगूस नोहे," कवडूजी ओरडले.

"चूप बसा भाऊजी, शकुनाले नाव ठेवू नका."

झालं. कोणाचा पेपर, कोणाचा इंटरव्ह्यू, कोणाची कोर्टात तारीख, निघण्याआधी जो तो हेडाऊंच्या खिडकीशी. पलीकडच्या गल्लीतल्या एकाला जामीन मिळाला, त्यानंतर तर कवडूजींचं कोणी ऐकेनाच. मी चौकात उभं राहून सांगितलं, की हे सगळं थोतांड आहे आणि हा प्राणी मुंगूसही नाही. लोकांनी मान डोलावली आणि माझ्या बाजूनं वाट काढून दर्शनाला गेले.

मक्याला शकुनाशी घेणं नव्हतं. तो चोर होता. मोजे, बाटलीची झाकणं, कवडूजींच्या पेटीतले वायसर, मिळेल ते तोंडात धरून दिवाणाखाली न्यायचा. कवडूजी खाली वाकून शिव्या द्यायचे आणि हसायचे. जो माणूस उभ्या जन्मात कुत्र्याशी 'हड'शिवाय दुसरा शब्द बोलला नाही, तो आता कोंबडीचं काळीज बारीक कापून बोटानं भरवायचा.

मे महिन्यात मक्या आजारी पडला. खाईना, चोरी करेना. दात करकरा वाजवायचा, पंजानं तोंड खाजवायचा, आणि कवडूजींच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखा पसरून राहायचा.

"गरमी," कवडूजी म्हणाले.

त्यांनी तेलाच्या पिंपाचा छोटा कुलर बनवला, नवीन वाळा भरला, पंप लावला आणि तो थेट मक्याच्या टोपलीसमोर ठेवला. खोली इतकी गार झाली, की मे महिन्याच्या नागपुरात अनुसयाकाकू शाल घेऊन पोळ्या लाटत होत्या. मक्या तसाच.

मग कवडूजींनी दुसरं निदान केलं. खिडकीच्या पट्टीवर पेढ्याचा चुरा सापडला होता. ते गल्लीच्या मधोमध गेले. "कांताबाई! तुमीच चारला! मायं लेकरू तुमच्या शकुनापायी मरून राहिलं!"

"एक पेढा ठेवला होता, त्यानं वास घेऊन टाकून देल्ला!"

"खोटं!"

"खोटं बोलत असन तर मायी जीभ झडो! अन् तुमाले कोणं विचारलं? मुंगूस तुमचा एकट्याचा हाय का?"

"मुंगूस नोहे!"

खिडकीला पुठ्ठा ठोकला गेला आणि दर्शन बंद झालं. मला निरोप आला, "प्रीती, जनावराचा डॉक्टर शोध. उन्नतीले काही सांगू नको."

पहिल्या डॉक्टरनं टोपलीवरचं फडकं उचललं आणि पुन्हा टाकलं. "मुंगूस पाळणं गुन्हा आहे. वनखात्याला कळवावं लागेल." मी म्हटलं, "कळवा. पण डॉक्टरसाहेब, मुंगूस कसा दिसतो ते आधी बघून या." कायदा मी वाचलेला आहे, कोणत्या प्राण्याला लागतो ते त्याला ऐकवलं. आवाज जरा चढला असेल. बाहेर बसलेले दोन कुत्रे भुंकायला लागले. डॉक्टर म्हणाला, "मग हा काय आहे?" मी म्हटलं, "ते तुम्ही सांगायचं!" आणि आम्ही बाहेर.

मग मोबाइल. एका व्हिडिओवाल्यानं सांगितलं, निंबूपाणी द्या. दुसऱ्यानं हळदीचं दूध. तिसरा पांढरा कोट घालून पावडर विकत होता आणि फेरेटला उंदराच्या जातीत बसवत होता. काकू म्हणाल्या, "इतके लोक सांगून राहिले तर काही तं खरं असन." मी म्हटलं, थांबा. रेशनच्या दुकानात मी नेहमी करते तेच करायचं ठरवलं, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तोच प्रश्न आधी विचारायचा. ज्याचा नंबर मिळेल त्याला फोन लावला आणि विचारलं, "डॉक्टर, फेरेटले दूध पाजू का?"

"हो, कोमट करून" म्हटलं की फोन बंद.

मानेवाड्याकडच्या एका डॉक्टर रुचिकाबाईंनी म्हटलं, "दूध अजिबात नको. पण एक सांगते, मी फेरेट अजून हातात घेतलेला नाही. शिकताना वाचलंय. घेऊन या, बघते. गरज पडली तर मुंबईच्या माझ्या सीनियरला विचारते, ती फेरेटच बघते."

माझी सटकली. "हातात घेतला नाही? मग काय आमच्या जनावरावर शिकणार?"

कवडूजींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बाई, आम्ही निघालो." फोन ठेवून मला म्हणाले, "पोरी, जो मेकॅनिक दारातून पाहून म्हणते मोटर जळली, तो चोर असते. जो म्हणते खोलून पाहू द्या, त्याच्या हातात कुलर द्यावा." ऑटोत पूर्ण वाट मी मक्याच्या अंगावर ओलं फडकं धरून बसले.

रुचिकाबाईंनी मक्याचं पोट बोटांनी चाचपलं. एका जागी थांबल्या. पुन्हा चाचपलं. सोनोग्राफी केली, मुंबईला व्हिडिओ कॉल लावला, दोघी बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, "आतड्यात काहीतरी अडकलंय. उघडावं लागेल, आजच. वाचेल असं वचन देत नाही."

"गरमी नाही?" कवडूजींनी विचारलं.

"उकाडा याला वाईटच. थंड ठेवलंत ते बरं केलंत. पण हे ते नाही."

"पेढा?"

"पेढा असा अडकत नाही."

बाहेरच्या बाकावर कवडूजी रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले. वरचा पंखा खडखडत होता. एरवी त्यांनी स्टूल मागवून तो उतरवला असता. आज मान वर केली नाही. एकदाच म्हणाले, "उन्नतीले काय सांगू?" मी म्हटलं, "काही सांगायची पाळीच येणार नाही." हे मी छातीठोक बोलले. माहीत मला काहीच नव्हतं.

रुचिकाबाई बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलचा ट्रे होता. "जिवंत आहे. आता दोन दिवस सांभाळू. हे बघा."

ट्रेमध्ये हिरव्या रबराचे तीन तुकडे होते. कवडूजींनी चष्मा लावला, वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"हे तर माया पंपाचा पाइप हाय," ते अगदी हळू म्हणाले. "जुना काढला होता. पेटीत टाकला होता."

मी काही बोलले नाही. मला जमलं, हे आमच्या गल्लीत कोणी मानणार नाही.

मक्या घरी आला तो पोटाला पट्टी बांधून. कवडूजींनी सगळं रबर पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर चढवलं. मग खिडकीचा पुठ्ठा काढला, मक्याला कुशीत घेतलं आणि रस्ता ओलांडून कांताबाईंच्या दारात उभे राहिले. गल्लीतली सगळी दारं किलकिली झाली.

"वयनी, पेढा नव्हता. मायाच कुलरचा पाइप होता. मी तुमाले वाईट बोललो."

कांताबाईंनी त्यांना वरून खाली पाहिलं. "चारचौघात बोलले होते नं? मंग जोरानं म्हणा."

"मायाच पाइप होता!" कवडूजी ओरडले. मक्यानं डोळे उघडले.

"असू द्या. उद्या नातीचा इंटरव्ह्यू हाय. तोंड दाखवा त्याचं."

"वयनी, हे मुंगूस..." कवडूजींनी वाक्य गिळलं आणि मक्याचं तोंड तिच्याकडे केलं. तिनं हात जोडले आणि पदराखालून कागदात गुंडाळलेला पेढा काढला.

कवडूजींनी तो मधल्यामध्ये उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"अवो!" मागून अनुसयाकाकू किंचाळल्या, "शुगर हाय तुमाले!"

कवडूजी भरल्या तोंडानं म्हणाले, "त्याच्या वाटचा खाऊन राहिलो."