मीटरवाल्या आक्का

आक्का कशावरही पटकन विश्वास ठेवत नसत. दुकानातून आणलेला कोरा करकरीत बल्बसुद्धा आधी वीज तपासायच्या मीटरला लावायच्या आणि काटा हलला की "हाय, जिवंत हाय!" असं ओरडायच्या, जणू त्यांनीच त्यात प्राण फुंकलाय. ह्या माझ्या थोरल्या नणंदबाई. पेणला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान एकट्या चालवायच्या, आणि बढाया मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांनी रोह्यातल्या आपल्या सरबताच्या दुकानात ठेवायला मुंबईहून पिनबॉलचं जुनं मशीन आणलं. काचेखाली लोखंडी गोळी धावते, बटण दाबलं की दोन पट्ट्या तिला वर उडवतात. आमची डावी पट्टी एकदा वर गेली की तिथेच अडकायची, आणि पट्टी ओढणारी तारेची कॉईल जळल्याचा वास सुटायचा. कॉईलला वीज सोडणारा बोर्डावरचा ट्रान्झिस्टर बदलला की थोडा वेळ चालायची, पुन्हा तेच.

आक्का पिशवी घेऊन हजर झाल्या. पण त्यांचा हात आता थरथरत होता, आणि ह्यांनी तेच धरलं. "आक्का, बस झालं. दुकान बंद कर नि इथं राहायला ये."

आक्का भडकल्या. "पालखीच्या दिवशी मशीन चाललं तर माझं दुकान चालू. नाय चाललं तर बंद!"

त्या आमच्याकडे राहिल्या असत्या तर मला हवंच होतं. पण त्यांना हरताना बघायचं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. "बोर्डावर बसलेला पार्ट खरं बोलत नाय गो. शेजारी त्याच्या वतीनं बोलतात. एक पाय सोडव, मग इचार." म्हणजे टाका वितळवून पार्टची एक तार बोर्डापासून सुटी करायची, मगच मीटर लावायचा. घरातल्या भांडणातही त्या हेच करायच्या, एकेकाला मागच्या दारी नेऊन विचारायच्या. आमच्या घरातल्या कितीतरी लबाड्या त्या मागच्या दारी उघड्या पडल्या आहेत.

दसरा झाला, ग्रामदेवतेच्या पालखीचा दिवस उजाडला. बाहेर ढोल कडाडत होते आणि आमच्याकडे शेवटचा ट्रान्झिस्टर उरला होता. "लाव की आता!" ह्यांची घाई. आक्का मात्र कॉईलच्या झटक्यापासून ट्रान्झिस्टरला वाचवणाऱ्या, कॉईलवरच्या इवल्याशा डायोडकडे बघत बसल्या होत्या. मग सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "ह्याचा पाय सोडव. हात थरथरतो म्हणून तसाच पास केला होता मी."

आक्कांच्या तोंडून असली कबुली! मी पाय सोडवला. त्यांनी मीटर लावला. काटा ढिम्म. वायरी उलट्या लावल्या, तरी ढिम्म.

"मेलाय! मेलाय गो! इतके दिवस शेजारची कॉईल बोलत होती!" कुणाच्या मरणाचा एवढा आनंद मी आजवर पाहिला नाही.

नवा डायोड, शेवटचा ट्रान्झिस्टर, सगळे टाके माझ्या हातचे. मशीन लावलं. गोळी खाली आली, आक्कांनी बटण दाबलं आणि ठक्! गोळी थेट वर, दिवे लखलखले. पालखीला आलेली माणसं दुकानात घुसली. मी नाचलेच! आक्का खेळत सुटल्या, बटण कुणाला देईनात.

संध्याकाळच्या गाडीने त्या पेणला निघाल्या. ह्यांनी त्यांची पिशवी गाडीत चढवून दिली. आक्का खिडकीतून मला म्हणाल्या, "सोमवारी पहिल्या गाडीनं ये. तुझा हात लागंल मला."

मी गेले. त्या सोमवारी, आणि मग जातच राहिले. आज आक्का नाहीत. पेणच्या दुकानाचं शटर सकाळी मी उघडते.