पोटदुखीवर गूळतुला

माझं वजन उतरावं अशी माझ्याइतकी तळमळ जगात आणखी एकाच माणसाला होती. ते म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील, आणि लातूरच्या आडत लाईनीत त्यांचं गुळाचं दुकान आहे.

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. वर्षभरापूर्वी मी एकशे अडतीस किलोंचा होतो. मी फळ्यापुढे उभा राहिलो की मुलांना फळा दिसायचा नाही, आणि त्याबद्दल एकाही मुलानं कधी तक्रार केली नाही. शेवटी हैदराबादेत जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढं पोट शिल्लक ठेवलं. मी आत टेबलावर असताना बाहेर अव्वानं (म्हणजे आईनं, ती उदगीरकडची, आम्ही तिला अव्वाच म्हणतो) महादेवाला नवस बोलला. लेकरू धड बाहेर आलं तर त्याच्या वजनाएवढा गूळ वाहीन. बायकोनं, शैलानं, मला नंतर सांगितलं की आप्पांच्या तोंडावर खरी काळजी दिसली ती त्या घटकेला.

मी धड बाहेर आलो. अव्वा म्हणाली, "येत्या सोमवारी गूळतुला करून टाकू."

"त्याला सावरू तर दे," आप्पा म्हणाले. "घाई कशाची?"

मला भरून आलं. बापाचं काळीज ते बापाचं काळीज, असं मी शैलाला म्हणालोसुद्धा. पुढे दर महिन्याला आप्पांचा फोन यायला लागला.

"शिवू, कितीवर आलास?"

"एकशे सव्वीस, आप्पा."

"अजून हाय का उतार?"

"डॉक्टर म्हणाले, वर्षभर उतरत राहील."

"मग उतरू दे की. देव कुठं पळून चाललाय?"

हे प्रेम माझ्या तब्येतीवर नसून गुळावर आहे, हे कळायला मला तीन महिने लागले. (आणि मी मुलांना पुरावे कसे तपासावेत ते शिकवतो!) अव्वाला मात्र पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. "मी बोलले तवा पोरगं एकशे अडतीसचं होतं. तेवढाच गूळ द्यायचा." आप्पांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "देव माणूस तोलतो, माणसाची आठवण न्हाई तोलत. ज्या दिवशी पारड्यात बसंल त्या दिवशीचं वजन."

इकडे मी शेफारलो होतो. स्टाफरूममध्ये कुणी भजी खाताना दिसला की मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचो आणि म्हणायचो, "इच्छाशक्ती लागते, सर." माझी इच्छाशक्ती एका सर्जननं भूल देऊन आत शिवली होती, हा तपशील मी गाळायचो. जुनी पँट घरात खास जपून ठेवली होती. पाहुणे आले की मी तिच्या एका पायात दोन्ही पाय घालून उभा राहायचो. हळूहळू पाहुणे यायचे बंद झाले. पित्तात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने घ्यायच्या गोळ्या हैदराबादच्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, त्याही मी दुसऱ्या महिन्यात बंद केल्या. खडे जाड माणसांना होतात अशी माझी ठाम समजूत होती, आणि आपण आता त्या जातीतून बाहेर पडलो होतो.

सातव्या महिन्यात, एका रविवारी, शैलाचा डोळा चुकवून दोन भजी खाल्ली आणि तासाभरात उजव्या बरगडीखाली असं काही दुखायला लागलं की मी थेट फरशीवर आडवा झालो. कळ पाठीत जायची, खांद्यात जायची, आणि पुन्हा बरगडीखाली येऊन बसायची. शैला म्हणाली, "हैदराबादवाल्यांनी काय सांगितलं होतं? पोट दुखलं तर घरी बसायचं न्हाई. चला."

मी चाललो, पण गल्लीतल्या डॉक्टरांकडे. ते जवळ आहेत आणि त्यांच्याकडे चाकू नाही. त्यांनी माझ्या पोटावर दोन टिचक्या मारल्या आणि विचारलं, "तुमचं पोट काढलंय ना?"

"बरंचसं."

"मग दुखायलंय काय?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. फी घेऊन विचारला. मग स्वतःच "गॅस असंल" असं उत्तर देऊन गुलाबी औषधाची बाटली दिली, आणि मी विजयी मुद्रेनं घरी आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा कळ. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, आता उलट्यांसकट. शैलानं सोनोग्राफीची वेळ घेऊन टाकली.

आता खरं सांगतो, मी घाबरलो होतो. सोनोग्राफी म्हणजे शोधणं, शोधलं की सापडणं, आणि सापडलं की कापणं. एकदा कापून घेतलेल्या माणसाला पुन्हा त्या टेबलावर चढायची किती भीती वाटते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्याच दिवशी अव्वाचा फोन आला. "लेकरा, नवस राहिलाय ना, त्यानंच दुखायलंय. देव आठवण द्यायलाय." स्टाफरूममध्ये अंधश्रद्धेवर तासतासभर बोलणारा मी, त्या क्षणी मला हे निदान सगळ्या वैद्यकशास्त्रापेक्षा पटलं. कारण तुलेत भूल देत नाहीत.

"आधी लातूरला जाऊ," मी शैलाला म्हणालो. "तुला उरकू. मग बघू."

"तुम्ही? तुम्ही तुला करणार?"

"आईचं मन मोडवत नाही."

"आईचं मन," शैला म्हणाली, आणि तिनं गाडीची किल्ली घेतली. मला बसवतही नव्हतं, त्यामुळे गाडी तीच चालवत होती.

देऊळ लातूरच्या बाहेर, आमच्या जुन्या गावाच्या वाटेवर आहे. आप्पांनी दुकानातला पोती तोलायचा जुना काटा आणून मंडपाच्या तुळईला टांगला होता. एका पारड्यात मांडी घालून मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, मध्ये गुरव मंत्र म्हणतोय. काटा बरोबर आला. आप्पा म्हणाले, "झालं." अव्वानं आणखी एक ढेप ठेवली. मी वर गेलो. आप्पांनी ती काढली. मी खाली आलो. अव्वानं दोन ठेवल्या.

"एकशे अडतीस बोललेय मी."

"कुठं हायत एकशे अडतीस? दाखव. त्याला उलटा करून झाड आणि दाखव."

मी पुन्हा वर. पुन्हा खाली. गुरवानं मंत्र थांबवला आणि तो माझ्यासोबत मान वर-खाली करायला लागला. तेवढ्यात कळ आली, आणि यावेळची कळ आधीच्या सगळ्या कळांची आजी होती. मी पारड्यातच मुटकुळं होऊन कण्हायला लागलो.

"बगा, कोपला देव," अव्वा म्हणाली.

"शिवू, हालू नको," आप्पा म्हणाले, "काटा खोटा दाखवायलाय."

शैला पुढे आली. "उतरा," ती म्हणाली. मी उतरलो नाही, तर तिनं मला दंडाला धरून ओढलं. माझं पारडं रिकामं झालं तसं पलीकडचं दाणकन आदळलं, एक ढेप सुटून पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, आणि आप्पा धावले ते आधी ढेपेमागे.

लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बरगडीखाली बोट टेकवलं मात्र, मी ओरडलो.

"कधीपासून दुखतंय?"

"तीन आठवडे झाले."

"आणि आज आलात? मध्ये काय केलंत?"

"तुला," मी म्हणालो. त्यांनी हे केसपेपरवर लिहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

सोनोग्राफीत पित्ताची पिशवी खड्यांनी गच्च भरलेली दिसली, वर सुजलेली. "वजन झपाट्यानं उतरलं की असे खडे होतात," बाई म्हणाल्या. "गोळ्या दिल्या असतील ना?"

"दिल्या होत्या," शैला म्हणाली. "ह्यांनी बंद केल्या. ह्यांना इच्छाशक्ती आहे."

"पिशवी काढावी लागेल. आणखी थांबला असतात तर आत फुटली असती, आणि मग मी काही सांगू शकले नसते."

एवढा वेळ आप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "झपाट्यानं उतरलं म्हणून झालं हे?"

"हो, काका."

आप्पा खाली बाकावर बसले. मग उठून माझ्याजवळ आले आणि माझा हात धरला. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी हात धरला तो रस्ता ओलांडायला, नाहीतर शाळेत ओढत न्यायला. आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढे काटा अलगद धरणारा हात, आणि आता माझी बोटं दुखेस्तोवर आवळलेला. माझी भीती तेव्हा निघून गेली, कारण माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस खोलीत होता.

"एकशे अडतीस," ते अव्वाला म्हणाले. "तू बोललीस तेवढा. फक्त ह्याला बाहेर येऊ दे."

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मी बाहेर आलो, आणि महिन्याभरानं आम्ही पुन्हा त्याच देवळात त्याच काट्यापाशी उभे होतो. ढेपा मोजून एकशे अडतीस किलो ठेवलेल्या. मी पारड्यात बसलो तर गुळाचं पारडं जागचं हललंसुद्धा नाही. गुरव म्हणाला, "मधला फरक कशानं भरायचा?"

"दगड ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"दगड नको देवाला," अव्वा म्हणाली. (पित्ताचे खडे डॉक्टरीणबाईंनी बाटलीत घालून दिले होते. ते टाका, असं मी सुचवलं. कुणी हसलं नाही.)

आप्पांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, धोतर आवरलं आणि ते माझ्या पारड्यात चढले. काटकुळा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या शेजारी बसला. साखळ्या करकरल्या, आमचं पारडं हळूहळू खाली आलं, गुळाचं जमिनीवरून उचललं आणि काटा मधोमध येऊन थांबला. गुरवानं मंत्र सुरू केला. अव्वानं डोळ्याला पदर लावला.

मी किती जाड होतो ते मला तोपर्यंत कधी नीट कळलंच नव्हतं. मी, आणि वर एक आख्खे आप्पा, एवढा मी एकटा होतो. आणि तेवढा असूनही घरात शब्द चालायचा तो ह्या काटकुळ्या माणसाचाच. आता तर विचारूच नका. पारड्यात आप्पा मला म्हणाले, "सरक," आणि मी सरकलो.