मामाच्या डोंगरातलं शिसं

साठच्या दशकात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी दगड पिळायची नोकरी करत होते. हसू नका, पगार मिळायचा! दोन कठीण ऐरणींमध्ये चिमूटभर पूड ठेवायची, ती प्रचंड दाबायची आणि दाब असतानाच तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. पूड काही किरण गिळते आणि त्या बदल्यात स्वतःचे काही परत फेकते. प्रत्येक धातूचा परतीचा किरण ठरलेला. गावात अंधारातही कोण खोकलं ते कळतं, तसंच.

सुट्टीत कोकणात रेडीला मामाच्या पडवीत बसून हे मी हातवारे करून सांगितलं. मामाने विडी बाजूला ठेवली.

"दाबल्यार माणूस खोटां बोलता. मगे दगड खरां कसो बोलतलो गो?"

पण डोळे चमकले होते. खाणीचा एक ठेकेदार त्याचा काजूचा डोंगर मागत होता. आत चांगलं लोखंड असेल तर डोंगर द्यायचा, असं मामाने ठरवलं होतं. काही का असेना, काजू तुटता कामा नयेत, असं मामीने. निघायच्या दिवशी मामीनेच डोंगरावरचा एक तांबडाकाळा दगड फडक्यात बांधून माझ्या ट्रंकेत ठेवला.

प्रयोगशाळेत सरांची परवानगी काढून मी त्याचा कपचा फोडला, कुटला, दाबला. कागदावर यंत्राचा पेन सरकू लागला. लोखंडाच्या जागी एक टेकाड आलं. आणि पुढे, जिथे सपाट मैदान हवं, तिथे शिशाचे दोन सुळके!

सर खुर्चीतून उठले. "रेडीला शिसं?"

दाब वाढवला. सुळके हलले नाहीत. किरण आरपार पाठवून पाहिले, तर नुसत्या लोखंडाने गिळावेत त्याहून कितीतरी जास्त गिळलेले. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. मी तर मनातल्या मनात मामाला कोट-टोपी घालून मोटारीत बसवलं.

चतुर्थीला गावी गेले. ही बातमी मी नाटकातल्या दूतासारखी, दारातच उभी राहून दिली. मामा पाटावरून उठलाच. मामी मात्र खोबरं खवत राहिली.

"शिसा? खंयचा शिसा? शेंदूर लायलंय मा त्येका!"

"शेंदूर?"

"मगे! गावातलो दगड एवढो मुंबैक जाता, तो देवाक दाखवल्याशिवाय धाडू? देवळात नेलंय, तेल-शेंदूर लायलंय. तुझ्या ट्रंकेक लागात म्हणान पुसलंय पण."

शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल भस्म. दगड मुळात तांबडा आणि भोकाभोकांचा. तेलाबरोबर शेंदूर आत मुरला आणि कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही. क्ष-किरणांना तेवढा दिसला.

"माझ्या डोंगराचो देव केलंस गो!" मामा ओरडला.

"बरां झालां. देवाक कोण खणता?"

दुसरा दगड मामाने स्वतः फोडला, मामीला हात लावू न देता स्वतःच्या पंच्यात गुंडाळला आणि एस.टी. सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहून त्याच्यावर नजर ठेवली.

या खेपेला शिशाचे सुळके गायब. पण लोखंडाचं टेकाडही बसलेलं. जांभ्याचाच जरा काळा भाऊ निघाला तो. भट्टीवाल्याने ढुंकूनही पाहिलं नसतं.

उन्हाळ्यात मी ते सांगितलं, यावेळी हातवारे न करता. मामा डोंगराकडे वळला. मग म्हणाला, "असां कर, आता त्या मशीनीकच शेंदूर लाव."

चुलीवर काजू भाजणाऱ्या मामीने मान वळवली नाही, पण तिचे खांदे हसत होते. तिने भाजलेल्या बियांचं सूप मामासमोर सरकवलं. चतुर्थीला मी परत आणलेला उरलेला शेंदरी दगड पडवीतच पडला होता. मामाने तो उचलला, एक बी पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

"बगूया, दाबल्यार ही काय बोलता ती."