शिराजचं पाणी

आमच्या थोरल्या मामांइतका निरोप घ्यायला कच्चा माणूस अख्ख्या निजामी मुलखात दुसरा नव्हता, आणि पलीकडे इंग्रजी अंमलात कुणी असलाच तर त्यानं पुढं येऊन तोंड दाखवावं. टेंभुर्णीहून ते आमच्याकडे राजूरला यायचे ते घोटभर पाणी पिऊन निघायच्या बोलीवर. पण निघणं सुरू व्हायचं सकाळी आणि दिवेलागणीलाही ते सुरूच असायचं. आईनं हातावर दही घातलं की मामा उठायचे, कुणी शिंकलं की बसायचे. मग पाणी, सुपारी, पुन्हा दही. आमच्या गल्लीत शिंकणाऱ्यांना तोटा नव्हता. जुंपलेले बैल उभ्या उभ्या झोप काढून ताजेतवाने होत, आणि मामा वेशीबाहेर पडेपर्यंत विरजणाचं गाडगं पालथं झालेलं असे.

असा हा माणूस फारसी शिकायला थेट इराणात गेला. कारण क्षुल्लक. जाफराबादच्या कचेरीतल्या एका अर्जात मामांनी फारसी शब्दांची अशी दाट पेरणी केली की पेशकार हसून म्हणाला, "पटेल साब, तुम्हारी फारसी में जवारी की रोटी की बू आती." मामांनी तिथंच पागोटं आपटलं. "आता उगमावर जाऊनच पितो का न्हाई पाय!" आणि ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी अन् एक वळकटी घेऊन निघाले. जालन्याच्या फलाटावर आमचा निरोप घेता घेता किती गाड्या सुटून गेल्या ते स्टेशनमास्तरलाच ठाऊक. शेवटी हमालांनी मामांना उचलून डब्यात घातलं. पुढं मुंबईहून आगबोट, आणि इराणच्या किनाऱ्याला लागल्यावर तिथून शिराज. तिथं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी ते वर्षभर राहिले. तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली आणि बदल्यात फारसी घेतली.

पण खरी गंमत निघायच्या दिवशी झाली. ती मी मामांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की डोळे बांधून सोडलं तरी शिराजची ती गल्ली मी धुंडाळून काढीन. मामा म्हातारीच्या पाया पडले आणि मोटारीकडे निघाले. दहा पावलं गेले नाहीत तोच मागं सपकन् आवाज. वळून पाहतात तर म्हातारीनं कटोराभर पाणी दारात ओतलेलं! आपल्याकडे तिरडी उचलली की मागं उंबरा धुतात. जिता माणूस घराबाहेर पडला की त्याच्या मागं कुणी केरसुणीलासुद्धा हात लावत नाही. मामांचं डोकं फिरलं. वर्षाची फारसी एका दमात वाहून गेली आणि आतली टेंभुर्णी वर आली. "ए अम्मा! उंबरा कशाला धुऊन राह्यली? मेलो न्हाई मी अजून!"

म्हातारीला काय कळणार? पोरगा परत आला एवढंच तिनं पाहिलं. हरखून तिनं त्याला चहा पाजला, मुके घेतले. मामा पुन्हा निघाले, पुन्हा सपकन्, पुन्हा मामा तरातरा मागं. म्हातारी आता पिंपच दारात आणून बसली होती. अखेर मोटारवाल्यानं भोंगा सोडून मामांचा दंड धरला आणि समजावलं, "पाहुणे, जाणाऱ्यानं परत यावं म्हणून आमच्यात त्याच्या मागं पाणी ओततात."

इथवर सांगताना मामांचा आवाज छपराला लागलेला असे. मग तो खाली येई. "तिचा एकुलता पोरगा कामाला म्हणून गेल्ता रे. त्या रोजी ती पाणी ओतायचं इसरली. आलाच न्हाई तो." मामांनी तिच्या ओल्या उंबऱ्यावर बसून शब्द दिला, "अम्मा, मी येतोच."

परतल्यावर मामा फारसी बोलत ती बैलांशी, कारण दुसरं कुणी ऐकून घेईना. पण खरं वेड पाण्याचं. घरातून कुणीही निघो, मामा मागून तांब्या रिकामा करायचे. मामी कपाळावर हात मारायच्या, "अहो, लोक काय म्हणतील? बिलकुल अक्कल न्हाई!" एकदा जावई निघाले, मागं सपकन् झालं. जावई लालबुंद होऊन परत आले, "मामंजी, मला जित्तेपणी पोचवून राह्यले का?" मामांनी टाळी वाजवली. "आले का न्हाई परत? बराबर लागू पडतं! मंग आता जेवूनच जा."

शिराजला मात्र जाणं झालं नाही. आधी लढाईनं आगबोटी अडवल्या, मग गुडघ्यांनी मामांना. दर साली वळकटी बांधली जायची आणि कुणीतरी शिंकायचं. पुढं पुढं तर, कुणी शिंकलं नाही तर मामा स्वतःच शिंकायचे.

मामा गेले तेव्हा खांदा द्यायला मी होतो. तिरडी उंबऱ्याबाहेर पडली आणि रीतीप्रमाणे शेजारच्या काकूंनी मागं पाणी ओतलं. सपकन्! माझे पाय थबकले. वाटलं, आता तिरडी हलणार, मामा उठून बसणार आणि काकूंशी भांडायला तरातरा मागं फिरणार. मागचे खांदेकरी म्हणाले, "चल ना, काय पाहून राह्यला?"

मामा फिरले नाहीत. कधी नव्हे ते, एका दमात निघाले. आमचंही पाणी मागं सांडलेलं होतं, पण शिराजच्या म्हातारीला दिलेला शब्द आधीचा होता.