न पाहता केलेली सही

नाटकांचं निर्मिती व्यवस्थापन शिकायला मी अमरावतीच्या एका सरांसोबत फिरत होते. नटमंडळी कधी पोचणार, सामानाची गाडी कुठे लागणार, जनरेटर कोणाच्या ताब्यात, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मला मात्र त्यांनी यादी दिली होती. प्रत्येक कामापुढे 'तपासलं' असं लिहून सही करायची. "कोणी 'झालं' म्हटलं की समजायचं, अर्धंच झालं," ते सांगायचे. मी ते इतकं मनावर घेतलं की मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांकडे संशयानं बघू लागले.

अकोल्याला मैदानात नाटक होतं. दिवे टांगायचा लोखंडी सांगाडा जुन्या शहरातल्या एका चाचांनी उभारला होता. सकाळी त्यांचं आणि सरांचं काहीतरी वाजलं. मी पोचले तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणत होते, "म्हातारे झाले तुमी, घरी बसा आता." चाचा गप्प राहिले. मला ते गप्प राहणंच खटकलं.

दुपारी सगळे जेवायला गेले आणि चाचा पाना घेऊन एकटेच रंगमंचाकडे निघाले. मी मागोमाग जाऊन पडद्याआड उभी राहिले. ते शिडी चढले आणि मधल्या दिव्यांची साखळी सोडू लागले. संध्याकाळी नायिका नेमकी त्याखालीच उभी राहणार होती.

"चाचा, काय करून रायले तुमी?" मी ओरडले.

"चोरून काहून पाह्यतं? वर ये."

वर गेले. दिव्यांना त्यांनी आधीच दुसरा दोर बांधला होता. साखळीची कडी त्यांनी माझ्या हातात दिली. नख फिरवलं तर बारीकशी चीर लागली.

"तुया सरले सकाळीच दाखवली. म्हणे, एवढा एक खेळ निंगून जाते."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले काय सांगू, बेटा? त्या कागदावर तं तुयीच सही हाय."

होती. सर म्हणाले होते, "मी पाह्यलं, तू सही कर," आणि मी केली होती.

सरांना गाठलं. ते चिडले. "खेळाले उशीर झाला तं तू जबाबदार?"

"हो, मी," म्हटलं आणि त्यांच्यासमोर सही खोडली.

चाचांनी मोर्णा नदीपलीकडच्या घरून नवी कडी आणली. तीही मी नखानं तपासली. चाचांना ते आवडलं नाही. खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला. सरांनी प्रेक्षकांना सांगितलं, लाईट गेली होती.

अमरावतीला परतताना सर पुढच्या सीटवर बसले होते. मी मागे बसून त्यांच्यासोबतचे आधीचे खेळ आठवत होते. मेळघाटात सेमाडोहच्या खेळात तर नटांच्या जागा आखायला तासभर मीच दिव्यांखाली उभी होते. तेव्हाही ते म्हणाले होते, मी पाह्यलं. पुढच्या कामाला त्यांनी मला बोलावलं नाही. मीही विचारायला गेले नाही.