कढीलिंबाचे कोशकाका

बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीतल्या कोशकाकांना झाडांची नावं सांगता येत, झाडं ओळखता येत नसत. काकूंनी एकदा घरामागचा कढीलिंब आणायला सांगितला, तर हे फाटकापर्यंत चालत गेले आणि कडुनिंबाची डहाळी घेऊन आले. आमटी कडू झाली. "निंब दोन्हींत आहे," काका म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

त्यांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते. काका स्वतः एका कचेरीत हेडक्लार्क, पण रुबाब पणजोबांचा. निवृत्त झाल्यापासून दिवसभर झोपाळ्यावर. मांडीवर शब्दकोश, खिशात लाल पेन. लग्नपत्रिका असो की किराण्याची यादी, हाती येईल ते तपासायचं, खाली सही ठोकायची आणि परत करायचं.

कढीलिंब हा त्यांचा लाडका शब्द. कारण पानं मागायला शेजारच्या गुजराती बायका यायच्या. "काकी, थोडो मीठो लीमडो आपजो ने," एवढं म्हणायचा अवकाश, झोपाळा थांबायचा. "संस्कृतात निंब. प्राकृतात त्याचा लिंब झाला. तुमचा लीमडोही तिथूनच आला. तेव्हा कढीनिंब लिहा, कढीलिंब लिहा, दोन्ही चालेल. आणि कढी? क्वथ् धातू, म्हणजे उकळणं." गॅसवर तेल ठेवून आलेली बाई मान हलवत मागे सरकायची. मी सरळ सांगायची, "काका, माझी फोडणी जळतेय."

"जळू दे. शब्द राहील."

असल्या माणसाला विद्वान म्हणायची आमच्या बडोद्यात पद्धत आहे.

झाड काकूंनी लावलेलं. घरात त्यांचं प्रत्येक वाक्य दुरुस्त व्हायचं, म्हणून त्यांनी घरात बोलणंच सोडलं होतं. झाडाखाली त्या बायकांशी चार शब्द व्हायचे, तेवढाच त्यांचा दिवस.

मग पार्किंगसाठी झाड तोडायचं ठरलं. कमिटीची नोटीस आली: हरकत असेल तर सात दिवसांत लेखी कळवा. मी म्हटलं, "दोन ओळी मी लिहून देते."

"अर्ज कसा लिहितात ते आमच्या घराण्याला शिकवू नकोस," काका म्हणाले.

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, झाड तोडू नका, एवढंच लिहा."

सहा दिवस ते लिहीत होते. सातव्या दिवशी नोटीस परत गेली. झाडाचं नाव लाल शाईनं दुरुस्त केलेलं, सोबत त्या नावाच्या उगमावर चार पानं, आणि सवयीनं नोटिशीखाली सही. तोडू नका, असं कुठेच नाही. मी भांडायला गेले, तर सेक्रेटरींनी सहीवर बोट ठेवलं. "बेन, साहेबे तो सही करी आपी छे."

झाड अर्ध्या तासात आडवं झालं. "निदान सोसायटीच्या दफ्तरात नाव शुद्ध गेलं," काका म्हणाले. त्यांना खरोखरच समाधान झालं होतं. ते मी त्यांना कधी माफ केलं नाही.

बायका यायच्या थांबल्या. काकांनाही श्रोते उरले नाहीत, याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. लोक अजून त्यांच्या व्यासंगाबद्दल बोलतात. मला मात्र झाड तोडल्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार आठवते. मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले होते. काकूंनी साडी बदलली, चपला पायांत सरकवल्या.

"कुठे निघालीस?" काकांनी झोपाळ्यावरून विचारलं.

"बोलायला," काकू म्हणाल्या आणि मला बाहेर घेऊन त्यांनी दार ओढून घेतलं.